उजव्या कानाचा हट्ट

कर्नलने जाहीर आधी केलं आणि सुताराला सांगितलं नंतर. यंदाची सांघिक स्पर्धा बाईंच्या नावाने होणार. बाईंच्याच लेनवर, गोळीचा आवाज अडवणारे बाईंचेच इअरमफ कानावर चढवून, बाईंच्या जागी त्यांचे यजमान रायफल धरणार. क्लबातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. सुतार मागच्या खुर्चीवर बसून विचार करत राहिला, की ह्यातलं आपल्याला कुणी विचारलं होतं का.

कर्नल कधी कुठल्या फौजेत नव्हता. त्याचं टायरचं दुकान होतं. पण मिशा तशा होत्या, आवाज तसा होता, आणि क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून तो चालायलाही तसाच लागला होता. नाव पडलं ते पडलं. माणूस वाईट नव्हता. बाई आजारी असताना दर रविवारी येऊन तिच्या उशाशी बसायचा आणि इतक्या मोठ्याने धीर द्यायचा की शेजारचे दार उघडून बघायचे.

बाई म्हणजे सुताराची बायको. शाळेत खेळ शिकवायची, म्हणून मुलं बाई म्हणायची, मग पालक म्हणायला लागले, आणि ऐकून ऐकून घरात सुतारही बाईच म्हणायला लागला. रायफलचं वेड तिचं. पालथी झोपून, श्वास धरून, ती अशी नेम लावायची की जगात दुसरं काही नाहीच. सुताराला तिनेच ओढत क्लबात नेलं. ती संघात, तो राखीव. खरं तर तो तिथली बाकं ठोकायला आणि तिच्या मागे बसून दुर्बिणीतून टार्गेट बघायलाच जास्त असायचा. कधी पाळी आलीच तर क्लबच्या पेटीतले जे इअरमफ हाताला लागतील ते चढवायचे, की झालं. कानाचं त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. डावा कान तर गोल करवतीच्या आवाजाने केव्हाच गेला होता. उरला होता उजवा.

क्लबाची रेंज म्हणजे एक जुनं गोदाम. वर पत्रे, खाली फरशी, बाजूला विटांच्या भिंती. तिथे बारकं काडतूस फुटलं तरी आवाज पत्र्यावर आपटून परत अंगावर यायचा.

जाहीर झाल्यावर दोन दिवसांनी सुतार सरावाला गेला. भिंतीवर बाईचा फोटो होता आणि फोटोखाली खिळ्याला तिचे लाल मफ टांगलेले. कर्नलने ते स्वतःच्या हाताने काढून दिले. सुताराने चढवले, झोपला, गाल रायफलच्या लाकडी दस्त्याला टेकवला आणि चाप ओढला.

कुणी कानशिलात वाजवावी तसं झालं.

त्याला वाटलं, पहिली गोळी आहे, सवय नाही. दुसरी मारली. तिसरी मारली. पाचवीनंतर तो उठला तेव्हा उजव्या कानात एक चिरका आवाज सुरू झाला होता, जुनी ट्यूब पेटताना करते तसा. ट्यूब मात्र पेटते आणि गप्प होते. हा गप्प होईना. जेवताना होता, झोपताना होता, सकाळी दात घासतानाही होता.

सुतार वर्कशॉपमध्ये गेला आणि करवत सुरू केली. करवत फळीत अडायला लागली की तिचा सूर खाली येतो. तो खाली आला की हात मागे घ्यायचा, मग डोळे कुठेही असोत. इतकी वर्षं त्याची दहाच्या दहा बोटं ह्याच सुरावर शाबूत राहिली होती. त्या सकाळी त्याला सूर ऐकूच आला नाही. फळी एकदम उसळून त्याच्या छातीवर आली. बोटं वाचली ती नशिबाने. त्याने करवत बंद केली, स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांची बोटं एकदा मोजली.

कानाच्या डॉक्टरने आत बत्ती घालून बघितलं.

"ह्या वेळी हा आवाज उतरेल," डॉक्टर म्हणाला. "पुढच्या वेळी उतरेलच असं नाही. तुमचा एकच कान आहे. तो गेला तर परत आणून देणारं औषध माझ्याकडे नाही."

घरी मुलगा वाटच बघत होता.

"बाबा, बास झालं आता. आई होती तोवर ठीक होतं."

"ठीक होतं म्हणजे?"

"म्हणजे तिच्याबरोबर जात होता तुम्ही. आता कुणासाठी जायचं?"

"मी काय तिची पिशवी धरायला जात होतो?"

आत स्वयंपाकघरात सून खुदकन हसली, कारण खरोखर तेच होतं.

"बरं, जात होतो पिशवी धरायला," सुतार म्हणाला. "आता रायफल धरायला जाणार."

"आणि कान?"

"कानाचं बघतो."

"कसं बघणार?"

"डोळ्यांनी," सुतार म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

तो थेट क्लबात गेला आणि बाईचे मफ खिडकीपाशी नेऊन नीट बघितले. वाट्या चांगल्या होत्या. पण वाटीभोवतीची गादी, जी कानाभोवती चिकटून बसायला हवी, ती घाम पिऊन पिऊन टणक झाली होती. अंगठ्याने दाबली तर दबत नव्हती, आणि एका बाजूने तिला चिरा पडल्या होत्या. सुताराला आणखी काही बघायची गरज नव्हती. दार कितीही जाड लाकडाचं करा, चौकटीत फट राहिली तर वारा येणारच. फटी बुजवण्यात त्याचा जन्म गेला होता.

"हे मी घालणार नाही," त्याने कर्नलला सांगितलं.

कर्नलच्या चेहऱ्यावर कुणी टायर पंक्चर केल्यासारखा भाव आला. "अहो सुतार, बाईंची आठवण आहे ती!"

"असू दे. तिचीच तक्रार होती, गाद्यांचा पत्रा झालाय म्हणून. आजारी पडली नसती तर तिनेच कचऱ्यात टाकले असते."

"मग गाद्या नव्या बसवू."

"मिळाल्या तर बसवू. चौकशी करतो. नाही मिळाल्या तर दुसरे आणीन."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"कान एकच आहे आणि दिवसही एकच आहे," सुतार म्हणाला. "मग एक दिवस तुमचा कान द्या मला."

कर्नल मिशीवरून हात फिरवत निघून गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. म्हणजे नाहीच.

सुताराने त्या संध्याकाळी एक काम केलं. रायफल घेऊन तर बाजारात फिरता येत नाही. त्याने क्लबातल्या रायफलच्या दस्त्यावर कागद ठेवून आकार उतरवून घेतला, गाल टेकतो तिथली उंची-जाडी मोजली आणि घरी देवदाराच्या तुकड्यातून हुबेहूब दस्ता कापला. पॉलिशपेपर मारला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेला. पिशवीत बाईचे मफही होते.

काउंटरवर एक मुलगी होती, केस वर बांधलेली, तोंडात च्युइंग गम. तिने बाईचे मफ उलटेपालटे करून बघितले.

"काका, हे मॉडेल कधीच बंद झालं. ह्याच्या गाद्या आता येत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या बसतही नाहीत. कुणाचे आहेत?"

"बायकोचे. गेली ती."

मुलीने गम चघळणं थांबवलं. "मग ठेवा की जपून."

"ठेवणारच. कानावर नाही. मला नवे दाखव."

तिने सगळ्यात मोठं खोकं काढलं. "हे घ्या. सगळ्यात मोठा आकडा ह्याचा. म्हणजे सगळ्यात जास्त आवाज हेच कमी करणार. सगळे हेच नेतात."

सुताराने ते चढवले. वाट्या एवढ्या मोठ्या होत्या की आरशात त्याला आपण विमानतळावर झेंडे दाखवणाऱ्या माणसासारखे दिसलो. पण दुकानातला पंखा एकदम बंद पडल्यासारखा गप्प झाला. छान. मग त्याने वर्तमानपत्र सोडलं, लाकडी दस्ता काढला आणि व्यायामाच्या चटया ठेवल्या होत्या तिथे जमिनीवर पालथा झोपला.

"काका! अहो काका, काय होतंय?"

"काही होत नाहीये. मी रायफल मारतोय."

दस्ता खांद्याला लावून त्याने गाल टेकवला. आणि पंखा पुन्हा सुरू झाला. गाल उचलला, पंखा बंद. टेकवला, सुरू. एक बाई ढकलगाडी घेऊन आली, जमिनीवर पालथा झोपलेला म्हातारा बघून तिने गाडी वळवली आणि दुसऱ्या रांगेने गेली.

मुलगी गुडघ्यांवर बसून वाकली. "थांबा, हलू नका. अगं बाई! खालून वाटी लाकडाला अडतेय. उचलली जातेय ती. माझं बोट जातंय आत."

"हाच तो आकडा ना, सगळ्यात मोठा?" सुतार जमिनीवरूनच म्हणाला.

"उभं राहून पिस्तूल मारणाऱ्यांचं ठीक आहे हो," मुलगी म्हणाली. "तुमच्यासारखं झोपून कुणी दाखवलंच नव्हतं. आणि चष्म्याची काडीपण जाड आहे तुमची. तिथूनही फट पडतेय."

मग तिला जोर चढला. तिने एकामागून एक खोकी आणली आणि दोघं जमिनीवरच बसले. एकाच्या वाट्या रुंद, एकाची पट्टी डोक्याला सैल. शेवटी तिने एक हिरवा जोड आणला. वाट्या चपट्या, खालच्या बाजूने तासून टाकल्यासारख्या. गादी एवढी मऊ की चष्म्याची काडी तिच्यात बुडून जायची.

"ह्याचा आकडा कमी आहे हां, आधीच सांगते."

"आकडा खोक्यावर आहे. माझ्या कानावर किती, ते बघू."

तो झोपला, गाल टेकवला. पंखा सुरू झाला नाही. मान थोडी पुढे, थोडी मागे. पंखा गप्पच.

"आकडा कमी म्हणून आत फोमचे बोळे पण घाला," मुलगी म्हणाली. "पत्र्याखाली मारता ना? मग दोन्ही हवेत."

सुताराने बोळा घेतला आणि बोटाने कानात दाबला. अर्धा बाहेरच राहिला.

"बाटलीला बूच लावताय का?" मुलगी हसली. "असं नाही. आधी चिमटीत गोल फिरवून बारीक करायचा, वातीसारखा. मग दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा. आता घाला. बोट काढू नका, फुगू दे आत."

त्याने तसं केलं आणि वर मफ चढवले. आत काहीतरी हळूहळू फुगत गेलं, आणि दुकान दूर दूर जाऊन दिसेनासं व्हावं तसं झालं. मुलीचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. सुतार घाबरला. डाव्या कानाचं कायमच असं होतं. उजव्याचं कधी झालं नव्हतं. त्याने मफ आणि बोळा दोन्ही ओढून काढले.

"हे नको. रेंजवर 'थांबा' म्हणून ओरडले तर? टार्गेटपाशी माणूस गेलेला असला तर?"

"म्हणूनच हे आणलंय ना!" मुलगी म्हणाली आणि हिरव्या मफच्या बाजूचं बारकं बटण तिने फिरवलं. "बोळे आणि मफ घाला परत. घाला हो."

तिने बटण पूर्ण फिरवलं आणि तिचा आवाज आला. बारीक, जुन्या टेलिफोनवरून यावा तसा, पण आला.

"बाहेर माइक आहे. बोलणं आत येतं. मोठा आवाज झाला की तेवढ्यापुरतं बंद होतं. बॅटरी संपली तरी मफ आणि बोळे आहेतच. तेवढं लक्षात ठेवा, की ऐकू येत नाहीये म्हणजे बॅटरी गेली, कान नाही. उगाच रडत बसाल."

"मी रडत नाही," सुतार म्हणाला.

"बरं," मुलगी म्हणाली आणि खोकं बांधायला घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी गोदाम भरलं होतं. बाईचा फोटो मोठा करून लावला होता. मधल्या लेनवर चटई, आणि चटईवर पांढऱ्या रुमालाच्या घडीवर तिचे लाल मफ. सुताराने ते परत खिळ्याला लावले होते. कर्नलने काढून वाट्यांना पॉलिश मारलं होतं. चकचकीत दिसत होते. भोंग्यातून कर्नलचा आवाज आला, "आता आपल्यासमोर येत आहेत, बाईंचे यजमान!"

सुतार आला. गळ्यात हिरवे मफ होते. संघातला दुसरा गडी, निवृत्त पोस्टमन, बाजूच्या लेनवर झोपलेला होता. त्याने मान वळवून बघितलं आणि पुटपुटला, "आता मजा आहे."

कर्नल भोंगा ठेवून आला. "सुतार, आज नको."

"आजच."

"एवढे लोक आलेत. बाईंसाठी आलेत."

"मला माहीत आहे. मीही तिच्यासाठीच आलो होतो इथे पहिल्यांदा. आज मी टार्गेटच्या मधल्या दहाला मारायला आलोय."

"हे मफ घालायचे नसतील तर मला राखीव खेळाडूला झोपवावं लागेल ह्या लेनवर." कर्नलचा आवाज चढला. मागे भिंतीपाशी मुलगा उभा होता, त्याने मान खाली घातली. राखीव होती एक कॉलेजातली पोरगी. ती लगेच म्हणाली, "मी नाही घालणार हं ते. मला ऐकू येतं, आणि पुढेही यायला हवंय."

कुणीतरी हसलं. कर्नल लाल झाला.

सुतार वाकला. रुमालावरचे मफ दोन्ही हातांनी उचलले आणि कर्नलपुढे धरले. "तुम्ही घाला."

"मी?"

"बाईंचा मान आहे ना? घाला. गोळी नाही मारत मी, घाबरू नका."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? कर्नलने छाती काढून मफ चढवले आणि फोटोला तोंड करून ताठ उभा राहिला. सुतार त्याच्या पाठीमागे गेला, चार हात दूर थांबला आणि हळूच, झोपलेल्या पोराजवळ बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाला, "टायरवाले, मिशा रंगवणं सोडा आता. सगळ्यांना कळतं."

कर्नल गर्रकन वळला. "कोण म्हणतं मी रंगवतो?"

गोदाम हसण्याने दणाणलं. पोस्टमन तर चटईवर डोकं आपटून हसला. सुतार हसला नाही.

"एवढं हळू बोललो, तेसुद्धा आत शिरलं," तो म्हणाला. "मग गोळी शिरताना कोण अडवणार? तुम्ही?"

हसणं हळूहळू थांबलं. कर्नलचे हात मफवर होते. त्याने गादीवरून बोट फिरवलं, आणि त्याला ती चीर लागली असावी, कारण बोट तिथेच थांबलं.

"बायकोची आठवण ठेवायला मला कान लागत नाही," सुतार म्हणाला. "करवत चालवायला लागतो. मला झोपू द्या, नाहीतर घरी जायला सांगा. पण तिच्या नावावर माझा कान मागू नका. तिने कधी मागितला नव्हता."

कर्नलने मफ काढले. मिशीकडे जाणारा हात मध्येच थांबवला. "झोपा," तो म्हणाला. "पण ह्यावर आपण बोलणार आहोत."

"बोलू. तेव्हाही मी हेच सांगीन."

सुताराने बोळे वळले, कान ओढला, बोट धरून ठेवलं. मफ चढवले, बटण फिरवलं. मग झोपला. हुकूम आला तो बारीक, टेलिफोनवरचा, पण प्रत्येक शब्द आला. गोळ्या सुटल्या त्या जाड गोधडीखाली कुणी हातोडी मारावी तशा. पहिल्या दोन रागात गेल्या आणि कुठेही लागल्या. मग त्याला राग परवडेना. त्याने गाल टेकवला, आणि त्याच्यापुरतं जग पुढच्या काळ्या ठिपक्याएवढं झालं. दहा. नऊ. दहा. दहा. तो मारत राहिला.

शेवटची गोळी सुटली आणि सुटतानाच त्याला कळलं, चुकली. दुर्बिणीत बघितलं. आठ, खाली डावीकडे.

त्याने मफ काढले, बोळे उपसले आणि चटईवर बसून राहिला. खुर्च्या सरकत होत्या. फरशीवरची रिकामी काडतुसं कुणीतरी झाडत होतं. सगळं ऐकू येत होतं आणि त्याच्या मागे चिरका आवाज नव्हता. तो आणखी थोडं थांबला, येतो का बघायला. आला नाही. त्याचे डोळे मात्र भरले होते.

मुलगा आला, मागोमाग कर्नल पाण्याचा ग्लास घेऊन आला. आवाज आता खाली होता. "येणारच हो बाईंची आठवण. आजच्या दिवशी कुणालाही येईल."

"तसं नाही," सुतार म्हणाला. "आठ लागला."

"अं?"

"शेवटचा. आठ लागला. खाली का गेला ते कळत नाही. ती असती तर मागे बसून लगेच सांगितलं असतं. आता कोण सांगणार मला?" त्याने तळहाताने नाक पुसलं आणि टार्गेटकडे बघत राहिला.

पोस्टमनने रायफल पुसायला घेतली. मग कर्नल घसा खाकरून म्हणाला, "मी बघत होतो. तुमचं कोपर सरकलं."

"कोपर नाही सरकलं."

"सरकलं. डावं. चाप ओढायच्या जरा आधी."

"अहो, माझं कोपर मला माहीत नाही का?"

"तुम्हाला कसं दिसणार? तुम्ही पुढे बघत होता. मी मागून सांगतोय, सरकलं."

टायरवाला मागे हटेना.

"ठीक आहे," सुतार म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. "गुरुवारी मी परत झोपतो. तुम्ही मागे बसा आणि मला कोपर दाखवा. सरकलेलं दिसलं नाही तर मग बघतो तुमच्याकडे."

"बाबा, गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय," मुलगा म्हणाला.

"डॉक्टर सकाळी," सुतार म्हणाला. "ही लेन संध्याकाळी माझी आहे."